मोठा कुत्रा असलेल्या भाडेकरूला घर द्यावं का?

पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट भाड्यानं द्यायला काढला की एजंटचा फोन साधारण असा येतो: "काका, पार्टी एकदम चांगली आहे. नवरा-बायको दोघंही आयटीत, भाडं वेळेवर देतील, डिपॉझिटलाही ना नाही. फक्त एक सांगायचं होतं, त्यांच्याकडे लॅब्रॅडॉर आहे." काकांचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. मांजर असतं तर थोडा विचार झाला असता, छोटा पॉमेरियन असता तर "बघू" तरी म्हटलं असतं. तीस किलोचा कुत्रा म्हटल्यावर विषय तिथंच संपतो.

असा नकार द्यायचा काकांना अधिकार आहे का? आहे, पूर्ण आहे. पण तो त्यांच्या फायद्याचा आहे का, हा प्रश्न निराळा. माझं मत असं, की कुत्र्याचा आकार पाहून "नाही" म्हणणारा मालक चुकीच्या गोष्टीला घाबरत असतो. घराचं नुकसान, शेजाऱ्यांची भांडणं, पोलिसांचं लचांड या तिन्ही गोष्टी होऊ शकतात. पण त्या होतील की नाही, हे कुत्र्याच्या वजनावरून जवळजवळ काहीच कळत नाही. ज्यावरून कळतं ते प्रश्न विचारायला दहा मिनिटं लागतात, आणि ते सहसा विचारलेच जात नाहीत.

आधी कायद्याचा गुंता सोडवू

महाराष्ट्रात घर भाड्यानं देण्याची रूढ पद्धत म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. यात मालक ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देतो. जागेतला हक्क समोरच्याला मिळत नाही. ही परवानगी कोणाला द्यायची आणि कोणत्या अटींवर द्यायची, हे मालकच ठरवतो. कुत्रा पाळणाऱ्याला घर दिलंच पाहिजे, असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही.

मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे फिरत असतं ते काय? "पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, सरकारचा आदेश आहे." त्यात तथ्य आहे, फक्त ते दुसऱ्याच नात्याबद्दल आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळानं 2015 मध्ये रहिवासी संघ आणि सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा: रहिवाशांच्या बहुमतानं ठराव केला तरी सोसायटी कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालू शकत नाही, कुत्र्याला लिफ्टनं नेऊ नका असं सांगू शकत नाही, लिफ्ट किंवा बाग वापरण्याचे कुत्र्यापोटी वेगळे पैसेही लावू शकत नाही. पट्टा लावून न्या असा आग्रह धरता येतो, तोंडाला जाळी बांधाच असा धरता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानं 2021 मध्ये याच दिशेनं निकाल दिला आणि पाळीव प्राण्यांवर बंदी घालणारी रहिवासी संघांची कलमं बेकायदा ठरवली.

हे सगळं सोसायटी आणि तिथं राहणारा माणूस यांच्यातलं आहे. घराचा मालक आणि त्याचा भाडेकरू यांच्यातला करार ही खासगी बाब. त्यामुळे दोन उलट्या चुका रोज घडताना दिसतात. भाडेकरू मालकाला 2015 च्या सूचना दाखवून म्हणतो, "तुम्ही नाही म्हणूच शकत नाही." ते खरं नाही. आणि मालक भाडेकरूला म्हणतो, "माझी हरकत नाही हो, पण सोसायटीत चालत नाही." हेही बहुतेक वेळा खरं नसतं. नको असेल तर स्वतःच्या तोंडानं नको म्हणावं, चेअरमनच्या खांद्यावर बंदूक ठेवू नये. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, फ्लॅट भाड्यानं देताना सभासदानं सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते बिनवापर शुल्कही सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येतं. भाडेकरूकडे कुत्रा आहे म्हणून ते वाढत नाही.

आता कराराकडे येऊ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. "अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही" हा समज अजून हटत नाही. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, या केंद्रीय नियमातून अकरा महिन्यांची सवय लागली. महाराष्ट्रात ती पळवाट केव्हाच बंद झालेली आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या विषयाच्या दृष्टीनं याहून महत्त्वाचं असं, की करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. "कुत्रा आणणार नाही असं ठरलं होतं" हे तोंडी ठरलेलं असेल, तर ते ठरलेलंच नव्हतं असं समजा.

करार नोंदवलेला आहे, पण त्यात प्राण्यांबद्दल अक्षरही नाही, असंही पुष्कळदा असतं. छापील मसुद्यात "शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे वर्तन करणार नाही" एवढं एक वाक्य असतं आणि तेवढ्यावर दोघंही सही करतात. चार महिन्यांनी भाडेकरूनं पिल्लू आणलं, तर मालकाच्या हाती उपद्रवाचं ते कलम सोडून काही नसतं, आणि शांत कुत्रा म्हणजे उपद्रव नव्हे. ज्यांना कुत्रा नको आहे त्यांनीही तसं लिहून घ्यावं, ज्यांना चालतो त्यांनीही लिहावं. गप्प राहिलेला करार दोघांच्याही कामाचा नाही.

तीस किलो म्हणजे नेमकं काय

मोठा कुत्रा म्हटलं की डोळ्यांसमोर जबडा येतो. राहण्याच्या दृष्टीनं पाहिलं तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

ग्रेट डेन घ्या. पन्नास ते ऐंशी किलो वजन, खांद्यापर्यंतची उंची अडीच फुटांच्या आसपास. आणि पूर्ण वाढ झालेला ग्रेट डेन दिवसाचा मोठा भाग झोपून काढतो. रोज दोनदा नीट फिरवला तर तो घरात आहे हे खालच्या मजल्याला कळतही नाही. त्याच्याशेजारी बीगल ठेवा. दहा-बारा किलोचा, कुशीत मावणारा. पण शिकारीत माग काढत ओरडण्यासाठीच त्याची पैदास पिढ्यान् पिढ्या केलेली आहे. एकटा पडला की त्याचा आवाज चार मजले ऐकतात. आपल्याकडचा पॉमेरियन म्हणून ओळखला जाणारा स्पिट्झ दाराबाहेर कुणी चप्पल काढली तरी भुंकतो. शेजाऱ्यांच्या तक्रारी मोजायला बसलात, तर हे छोटे वीर मोठ्यांना मागं टाकतील अशी मला दाट शंका आहे.

आपल्या मातीतली उदाहरणं आहेतच. मराठवाड्यात सांभाळला जाणारा कारवान, त्याच्याच नात्यातला लांब केसांचा पश्मी, कर्नाटकच्या सीमेवरचा मुधोळ. अंगानं उंच, काठीसारखे सडपातळ, नजरेनं सावज टिपून धावणारे कुत्रे. घरात ते कमालीचे अबोल असतात. पण त्यांना रोज मोकळ्यावर पळायला मिळालं नाही, तर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांची घुसमट होते आणि मग ती सोफ्यावर निघते. म्हणजे इथंही खरा प्रश्न पळवायला कोण नेणार आणि कुठं, हा आहे.

हस्कीबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. पुण्या-मुंबईत अलीकडे बरेच हस्की दिसतात. दोन थरांची लोकर अंगावर घेऊन हा प्राणी मे महिन्यात राहतो, म्हणजे एसी जवळजवळ चोवीस तास. गळणारे केस एसीच्या जाळीत आणि बाथरूमच्या मोरीत. शिवाय तो भुंकण्याऐवजी लांब हेल काढून रडतो. हा मध्यम आकाराचा कुत्रा आहे, पण भाड्याच्या घरासाठी मला लॅब्रॅडॉरपेक्षा अवघड वाटतो.

वयाचा मुद्दा तर जातीपेक्षाही मोठा. तीन ते सात महिन्यांच्या पिल्लाला दात येत असतात, तेव्हा ते जे दिसेल ते चावतं: टेबलाचे पाय, चार्जरची वायर, दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा. मोठ्या जातींचे कुत्रे अंगानं वर्षभरात वाढतात, पण अक्कल यायला दोन वर्षं जातात. त्यामुळे आठ महिन्यांचा लॅब्रॅडॉर आणि सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर हे मालकाच्या दृष्टीनं दोन वेगळे भाडेकरू आहेत. "लॅब्रॅडॉर आहे" एवढं ऐकून घेतलेला निर्णय अर्धवट माहितीवरचा असतो.

"पण सरकारनं धोकादायक जातींवर बंदी घातली आहे ना?" हा प्रश्न हमखास येतो. घडलं ते असं. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं राज्यांना पत्र पाठवून 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो, अनेक प्रकारचे मॅस्टिफ त्या यादीत होते. एप्रिल 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकता ते काढलं होतं, हे त्यामागचं एक कारण. यादी चूक की बरोबर यात आपण शिरायला नको. पण ती आकारावर बेतलेली नव्हती, हे लक्षात घ्या. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, सेंट बर्नार्ड त्यात नव्हते. पिटबुल होता, आणि तो मध्यम बांध्याचा कुत्रा आहे.

मग आकाराला काहीच अर्थ नाही का? एका बाबतीत आहे. चावा घेतलाच तर मोठ्या जबड्याची जखम मोठी असते, आणि साठ किलोचा कुत्रा अंगावर झेपावला तर म्हातारं माणूस खाली पडतं. वाईट घटना घडण्याची शक्यता आकारानं ठरत नाही, पण घडली तर ती किती वाईट असेल हे बऱ्याच अंशी ठरतं. म्हणून मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत "पूर्वी कधी कुणाला चावला आहे का?" हा प्रश्न टाळू नये, आणि उत्तर "हो" असेल तर पुढं जाऊ नये.

चावला तर निस्तरायचं कुणी?

मालकांची सगळ्यात मोठी भीती ही. उद्या लहान मुलाला चावला तर पोलीस माझ्या दारात येतील का?

भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये याची तरतूद आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात "ताब्यातल्या" हा शब्द कळीचा. कुत्रा भाडेकरूच्या ताब्यात असतो, घरमालकाच्या नव्हे. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यातही मुख्य जबाबदारी कुत्रा पाळणाऱ्यावर येते, विशेषतः कुत्र्याच्या स्वभावाची त्याला आधीपासून कल्पना होती असं दिसलं तर. केवळ भिंती आपल्या आहेत म्हणून मालक सहसा त्यात अडकत नाही.

अडकण्याची वाट तो स्वतः तयार करू शकतो. कुत्रा दोघांना चावल्याच्या तक्रारी लेखी आल्या आहेत, आणि तरी मालकानं काही न करता करार वाढवून दिला, तर वकील त्यावर बोट ठेवणारच. म्हणून तक्रार आली की भाडेकरूला लेखी कळवावं, निदान ईमेलनं. जबाबदारी कुणाची हे करारातही स्पष्ट लिहावं. बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आणि खाली मालक, फाटक आणि अंगण सामाईक, अशा ठिकाणी मात्र रेषा इतकी साफ नसते. तिथं कुत्रा अंगणात मोकळा सोडायचा नाही हे लिहिणं जास्तच गरजेचं.

घराचं नुकसान: कशाचं होतं, कशाचं नाही

आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. त्यावर कुत्र्याच्या नखांचा फारसा परिणाम होत नाही. उलट मोठ्या कुत्र्यालाच त्यावर पाय घसरण्याचा त्रास होतो, म्हणून जाणते पालक सतरंज्या टाकतात. लाकडी किंवा लॅमिनेट फरशी असेल तर गोष्ट उलटी. तिथं महिनाभरात ओरखडे दिसतात. संगमरवराचं भय नखांपेक्षा लघवीचं. संगमरवर आम्लापुढं हळवा असतो आणि सच्छिद्रही, डाग आत मुरला की घासून निघत नाही.

दुसरी दुखरी जागा म्हणजे प्लायवूड आणि एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं) फर्निचर. वॉर्डरोबच्या खालच्या पट्टीला, किचन ट्रॉलीच्या खालच्या फळीला वारंवार ओल लागली की ते फुगतं, आणि फुगलेलं पुन्हा बसत नाही. त्यामुळे रिकामा फ्लॅट आणि लाखो रुपयांचं इंटिरियर केलेला फर्निश्ड फ्लॅट यांना एकच नियम लावणं बरोबर नाही. स्वतःसाठी हौसेनं सजवलेलं घर दोन वर्षं परदेशी जाताना भाड्यानं देत असाल, तर नकार मला पूर्ण समजतो. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या, पंखे आणि ट्यूबलाइट एवढंच असलेल्या पुण्यातल्या वाकडच्या फ्लॅटला तेच कारण लागू पडत नाही.

आणि बाल्कनी. याबद्दल कुणी बोलत नाही, पण निम्मी भांडणं इथून सुरू होतात. कुत्र्याला फिरवायचा कंटाळा आला की त्याला बाल्कनीत सोडतात. मग पाणी मारून ते खाली लोटतात. पाणी पाइपातून जातंच असं नाही. खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातं. सेक्रेटरीचा पहिला फोन भाडेकरूला नाही, मालकाला येतो. बाल्कनीचा शौचासाठी वापर नाही, हे एक वाक्य करारात असेल तर पुढची बरीच कटकट वाचते.

आता पैशांचा हिशेब मांडून पाहू. समजा, भाडं 28,000 रुपये आहे. कुत्रेवाल्यांना नकार देत देत घर दीड महिना रिकामं राहिलं, तर 42,000 रुपये गेले, वर सोसायटीचा मेंटेनन्स खिशातून. दाराची एक चौकट बदलायला आणि एका खोलीला रंग द्यायला इतका खर्च सहसा येत नाही, आणि आला तरी तो डिपॉझिटमधून वळता करता येतो; रिकाम्या महिन्यांचं भाडं कुणाकडूनच वसूल होत नाही. शिवाय ज्याच्याकडे मोठा कुत्रा आहे त्याला दुसरं घर मिळणं अवघड, हे त्यालाही पक्कं ठाऊक असतं. असा माणूस घर टिकवायला बघतो, भाडं थकवत नाही, अकरा महिन्यांनी उगाच घर बदलत नाही. अर्थात, तुमच्या भागात फ्लॅट टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी चार जण रांगेत असतील, तर हा हिशेब तुम्हाला लागू नाही.

डिपॉझिट किती वाढवावं? केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे; महाराष्ट्रात 1999 चाच कायदा चालतो आणि त्यात लायसन्सच्या डिपॉझिटला अशी कमाल मर्यादा नाही. तरी माझा सल्ला असा, की कुत्र्यापोटी एका महिन्याच्या भाड्याइतकं जादा, परत करण्याचं डिपॉझिट पुरेसं आहे. त्यावरचं मुद्रांक शुल्क नगण्य असतं: परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात आणि त्या व्याजाच्या रकमेवर 0.25 टक्के, म्हणजे 28,000 जादा घेतले तर शुल्क सात रुपयांनी वाढतं. दरमहा "पेट चार्ज" म्हणून भाडं वाढवून मागणाऱ्यांशी मी सहमत नाही. नुकसान झालं नाही तरी ते पैसे गेले, असं झालं की भाडेकरूला घर जपण्याचं कारण उरत नाही.

विचारायचे प्रश्न

दिवसभर घरी कोण असतं? हा पहिला. दोघंही सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला येणार असतील आणि मध्ये कुणी येणार नसेल, तर कुत्रा कितीही गोड असो, तो दुपारभर दारावर ओरबाडे काढेल आणि शेजारी तुम्हाला फोन करतील. घरून काम करणारं कुणी असेल, किंवा दुपारी फिरवायला माणूस लावला असेल, तर निम्मी काळजी मिटली.

रेबीजची लस वेळेवर दिली आहे का, तिचं पुस्तक दाखवा. महापालिकेचा परवाना आहे का? मुंबई, पुण्यासारख्या महापालिका पाळीव कुत्र्यासाठी परवाना देतात आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं. पुष्कळ जण काढत नाहीत, त्यामुळे ज्यानं काढला आहे तो माणूस इतर बाबतीतही शिस्तीचा असण्याची शक्यता जास्त. नसबंदी झाली आहे का? नसबंदी न झालेले नर घरात जागोजागी लघवीची खूण करतात, हे जाणून विचारा. आणि शेवटी आधीच्या घरमालकाचा नंबर मागा. भाडेकरू तो लगेच देतो की चाचरतो, यातूनही कळतं.

जमलं तर कुत्र्याला एकदा भेटाच. तो तुमच्या अंगावर उड्या मारतो की नाही हे बघायला नव्हे. भाडेकरूनं "बस" म्हटल्यावर बसतो का, एवढं बघायला. साठ किलोच्या कुत्र्याला पट्ट्यानं धरणारं माणूस पंचेचाळीस किलोचं असेल आणि कुत्रा ऐकत नसेल, तर लिफ्टमध्ये काय होईल ते तिथंच दिसतं.

शेजाऱ्यांची बाजूही खरी आहे. लहानपणी कुत्रा चावलेल्या माणसाची भीती "काही करत नाही हो तो" म्हटल्यानं जात नाही. चार मजल्यांची, बिनालिफ्टची, अरुंद जिन्याची जुनी इमारत आणि तीन लिफ्ट असलेला मोठा प्रकल्प यांत म्हणूनच फरक करावा लागतो. जिन्यात दोन माणसं अंग चोरून जातात तिथं ग्रेट डेनला रोज चार वेळा वरखाली नेणं कुणालाच सुखाचं नाही, कुत्र्यालाही नाही. मोठ्या जातींचे सांधे लवकर झिजतात.

होकार द्यायचा ठरला तर करारात जादा अट घाला. ऑनलाइन नोंदणीतही स्वतःच्या अटी टाकायला जागा असते. मसुदा साधारण असा चालेल (यात परवानाधारक म्हणजे भाडेकरू):

"परवानाधारकाकडे एक लॅब्रॅडॉर जातीचा, अंदाजे पाच वर्षे वयाचा कुत्रा आहे व तो सदर जागेत ठेवण्यास मालकाची संमती आहे. याव्यतिरिक्त अन्य प्राणी ठेवण्यापूर्वी लेखी संमती घेतली जाईल. कुत्र्याचे लसीकरण व परवाना अद्ययावत ठेवणे, सामाईक जागेत त्यास पट्ट्याने धरून नेणे, त्याची विष्ठा उचलणे व बाल्कनीचा शौचासाठी वापर न करणे ही परवानाधारकाची जबाबदारी राहील. कुत्र्यामुळे जागेचे किंवा कोणत्याही व्यक्तीचे झालेले नुकसान परवानाधारक भरून देईल. चाव्याची घटना किंवा वारंवार उपद्रवाच्या लेखी तक्रारी आल्यास मालक एक महिन्याची नोटीस देऊन जागेत राहण्याचा परवाना संपुष्टात आणू शकेल."

एकाच कुत्र्याचं वर्णन लिहिण्याचा फायदा असा, की तुम्ही "कुत्र्यांना" परवानगी देत नाही, या कुत्र्याला देता. पुढच्या वर्षी दुसरं पिल्लू आलं तर पुन्हा बोलणं होईल. मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही, तर 1999 च्या कायद्यातलं कलम 24 आहेच: सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि जागा सोडेपर्यंत दुप्पट दरानं भरपाई मागता येते.

लपवून ठेवलेला कुत्रा हा सगळ्यात वाईट प्रकार, आणि तो सरसकट "नो पेट्स"मधूनच जन्माला येतो. घर मिळत नाही म्हणून माणूस गप्प राहतो, कुत्र्याला रात्री उशिरा फिरवतो, दिवसा दारं-खिडक्या लावून ठेवतो. तो कुत्रा जास्त भुंकतो आणि घर जास्त खराब होतं. वर मालकाच्या हाती अट नाही, जादा डिपॉझिट नाही. दुसरा मार्ग याहून वाईट: घर बदलताना कुत्रा कुणाच्या तरी शेतावर किंवा रस्त्यावर सोडून देणं. प्राण्याला उपाशीतापाशी मरायला सोडणं हा 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे धाक शून्य.

बाहेरच्या देशांत वारं कुठं वाहतंय तेही थोडक्यात सांगतो, कारण मराठी माणसं लंडन-सिडनीतही भाड्यानं राहतात. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं 2013 मध्येच छापील करारातली कुत्र्या-मांजरांवरची सरसकट बंदी अवैध ठरवली; मालकानं त्या त्या प्रसंगी दोन्ही बाजू तोलून ठरवायचं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये मे 2025 पासून मालकाला ठरावीक कारणांवरच नाही म्हणता येतं आणि उत्तर 21 दिवसांत द्यावं लागतं. इंग्लंडनं 2025 च्या भाडेकरू हक्क कायद्यात अवाजवी नकाराला मनाई केली. तिथंही मालकाचा नकार संपलेला नाही. नाही म्हणायचं तर कारण द्या, एवढंच आता मागितलं जातं. सक्ती नसतानाही आपल्याकडच्या मालकानं स्वतःला तेवढं विचारायला हरकत नाही.

राहिलं घर परत घेण्याचं. किल्ली देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: चौकटी, ट्रॉल्यांच्या खालच्या फळ्या, बाल्कनीचे कोपरे, आणि भाडेकरूलाही तो लगेच पाठवा. परत घेताना तेच कोपरे पुन्हा बघा. रंग थोडा मळणं, फरशीची चकाकी कमी होणं ही रोजच्या वापराची झीज आहे, ती डिपॉझिटमधून कापू नका. कुरतडलेली चौकट आणि फुगलेली फळी मात्र बिलासकट कापा. घर ताब्यात घेण्याच्या आदल्या रात्री खिडक्या बंद ठेवायला सांगा आणि सकाळी आत शिरताना वास घ्या. टाइल्सच्या सांध्यांत मुरलेली लघवी एप्रिलमध्ये लपते आणि जुलैत दमट हवेत वर येते. उन्हाळ्यात घर परत घेत असाल, तर त्या सांध्यांवर ओलं फडकं फिरवून दहा मिनिटं थांबा, मगच डिपॉझिटचा चेक लिहा.